भाषाविज्ञान विद्यापीठात कसे शिकावे: पदवीपासून पीएच.डी.पर्यंत

भाषाविज्ञान शिकायचे ठरवलेल्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला बारावीनंतर लगेचच एक अडचण येते. हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवण्याची सोय आपल्या राज्यातील महाविद्यालयांत जवळपास नाही. खरा अभ्यासक्रम एम.ए.ला सुरू होतो आणि तोवर हाती असलेली तीन किंवा चार वर्षे कशी वापरायची, हे विद्यार्थ्याला स्वतःच ठरवावे लागते. एम.ए.च्या पहिल्या सत्रात काही विद्यार्थी सहज रुळतात, तर काहींना पहिले सहा महिने केवळ परिभाषा समजून घेण्यातच घालवावे लागतात, आणि हा फरक बुद्धीपेक्षा या आधीच्या वर्षांत लागलेल्या सवयींचा अधिक असतो. म्हणून पुढील विवेचनात पदवीच्या काळातील तयारीला प्रवेश परीक्षांपेक्षा जास्त जागा दिली आहे.

पदवीला कोणता विषय घ्यावा

राज्याबाहेर जाण्याची तयारी असल्यास अलीगढ मुस्लिम विद्यापीठात भाषाविज्ञान हा विषय घेऊन बी.ए. ऑनर्स करता येते. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी हैदराबादच्या आयआयआयटीमध्ये (आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत) संगणकशास्त्राची बी.टेक. आणि संगणकीय भाषाविज्ञानातील संशोधनाधारित एम.एस. अशी जोड पदवी आहे. पण तिथे स्पर्धा अभियांत्रिकी प्रवेशांसारखीच असते आणि अभ्यासाचा कलही बराचसा संगणकाकडे असतो.

महाराष्ट्रात राहून पदवी घ्यायची असेल, तर मराठी, संस्कृत किंवा इंग्रजी हा मुख्य विषय घेणे हा रुळलेला मार्ग होय. मराठीच्या विशेष स्तरावर भाषाविज्ञानाची एखादी अभ्यासपत्रिका बहुतेक ठिकाणी असते. तीत स्वन (उच्चारलेला ध्वनी), स्वनिम (अर्थभेद करणारा ध्वनी), रूपिम (भाषेतला सर्वांत लहान अर्थपूर्ण घटक) या संज्ञांची तोंडओळख होते, मात्र अनेकदा ती व्याख्या पाठ करण्यापुरतीच राहते. संस्कृत घेणाऱ्याला पाणिनीची पद्धत जवळून पाहता येते. सुमारे ४,००० सूत्रांत संपूर्ण भाषेचे वर्णन बसवताना नियमांचा क्रम, अपवाद आणि लाघव (कमीत कमी शब्दांत नियम सांगणे) यांचा केलेला विचार आधुनिक वर्णनात्मक व्याकरणाच्या विद्यार्थ्याला आजही उपयोगी पडतो. मानसशास्त्र, गणित किंवा संगणकशास्त्र शिकून भाषाविज्ञानाकडे वळणारेही असतात आणि ते कुठेही कमी पडत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडण्याची मुभा मिळाली आहे. माझ्या मते भाषेचा विद्यार्थी असल्यास ती संख्याशास्त्र किंवा संगणकलेखन यांसाठी वापरावी, कारण साहित्याचे वाचन घरी करता येते, पण संख्याशास्त्राचा पाया एकट्याने घालणे बहुतेकांना जमत नाही.

पदवीच्या काळात घरी करायचा अभ्यास

सर्वांत आधी अक्षर आणि ध्वनी यांची फारकत करायला शिकावे. देवनागरी उच्चारानुसारी आहे असे आपण शाळेपासून ऐकत आलेलो असतो आणि त्यामुळे मराठी विद्यार्थ्याचा कान लिपीच्या मागे जातो. ‘जग’ हे एकच लेखन घ्या. ‘हे जग मोठे आहे’ आणि ‘तू शंभर वर्षे जग’ या दोन वाक्यांत ‘ज’चे उच्चार वेगळे आहेत आणि केवळ त्या फरकामुळे अर्थ बदलतो. म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ आणि थोडे या अर्थाचा ‘जरा’ ही अशीच दुसरी जोडी. आता ‘त्याचा, त्याची, त्याचे’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. पहिल्या शब्दात दंतमूलीय (जीभ दातांच्या मुळाशी नेऊन उच्चारलेला) ‘च’ आहे, तर ‘ई’ आणि ‘ए’ या स्वरांपूर्वी तो तालव्य (जीभ टाळूकडे नेऊन उच्चारलेला) होतो. म्हणजे काही परिस्थितीत हे दोन ध्वनी अर्थभेद करतात आणि काही परिस्थितीत त्यांची निवड पुढचा स्वर ठरवतो. हे निरीक्षण स्वतः मांडता आले, आणखी वीस शब्दांवर तपासता आले आणि त्याला न जुमानणारे शब्द शोधता आले, की स्वनिमविचार या शाखेतील बरेचसे काम कशा स्वरूपाचे असते, हे कळते.

याच सुमारास आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे कोणत्याही भाषेतले उच्चार नेमके लिहिण्याची लिपी, हाताखालून घालावी. तक्ता पाठ करण्यापेक्षा रोज घरातली पाच वाक्ये त्या लिपीत उतरवून काढणे अधिक फलदायी ठरते. प्राट हे ध्वनिविश्लेषणाचे साधन ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झाले असून ते विनामूल्य मिळते; स्वतःचा आवाज मुद्रित करून ‘प’ आणि ‘फ’ यांतला फरक पडद्यावर पाहिला, म्हणजे महाप्राण (‘फ’सारखा, हवेच्या झोतासह उच्चारलेला ध्वनी) हा शब्द व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर येतो. ‘घर’ लिहिताना शेवटी असलेला ‘अ’ बोलताना कुठे जातो आणि तो नेमका कोणत्या ठिकाणी टिकून राहतो, हा प्रश्न ‘करवत’ आणि ‘करवती’ अशा जोड्या घेऊन सोडवण्यात एक सुट्टी सहज निघून जाईल.

पदविचारासाठी, म्हणजे शब्दरूपांच्या अभ्यासासाठी, सामान्यरूप (प्रत्यय लागताना नामात होणारा बदल) हा मराठीने दिलेला आयता विषय आहे. घोडा–घोड्याला, घर–घराला, भिंत–भिंतीला, माळ–माळेला अशा जोड्यांची लांबलचक यादी करावी आणि नामाचे लिंग व अंत्य स्वर यांवरून सामान्यरूपाचे भाकीत किती वेळा करता येते, हे पाहावे. ‘भिंत’ आणि ‘माळ’ दोन्ही स्त्रीलिंगी व अकारान्त असूनही त्यांची रूपे निराळी का होतात, याचे उत्तर केवळ आजच्या मराठीत सापडत नाही, आणि तिथून ऐतिहासिक भाषाविज्ञानाची गरज आपोआप पटते.

वाक्यविचाराला तर मराठीसारखी भाषा मिळणे हे भाग्यच म्हणावे लागेल. ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंग-वचनानुसार चालते, हे शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून शिकवलेले असते. पण ‘तू पोळी खाल्लीस’ आणि ‘तू आंबे खाल्लेस’ या वाक्यांत लिंग-वचन कर्माचे आणि शेवटचा ‘स’ मात्र कर्त्याच्या पुरुषाचा, म्हणजे एकच क्रियापद दोघांशी जुळवून घेते. पुढे ‘मांजराने उंदराला पकडले’ या वाक्यात कर्माला ‘ला’ लागताच क्रियापद दोघांनाही सोडून नपुंसकलिंगी एकवचनात जाते. ‘मी छत्री विसरलो’, ‘मी मराठी शिकलो’ या वाक्यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्यामागे जाते. आणि ‘मी चहा प्यायलो’ की ‘मी चहा प्यायला’ याबद्दल एकाच घरात दोन मते निघू शकतात. असे प्रत्येक उदाहरण तारखेसह, बोलणाऱ्याचे वय आणि गाव यांच्या नोंदीसह एका वहीत उतरवत जावे. कोणते वाक्य ‘शुद्ध’ हे ठरवण्याची शाळकरी सवय याच वहीत मोडावी लागते, कारण भाषावैज्ञानिकाला कोण, कुठे, कोणाशी आणि काय बोलते हे हवे असते. शिक्षक झालेल्या घरातल्या काकांना हे पटत नाही; त्यांच्याशी वाद घालत न बसता त्यांचीही वाक्ये टिपून घ्यावीत.

अकरावी-बारावीतील वाचकांसाठी इथेच एक सूचना. शालेय विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाड २०१६ साली म्हैसूरला झाली होती. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून सोडवाव्यात. अपरिचित भाषेतील दहा-बारा वाक्यांवरून व्याकरण शोधण्याचे हे प्रश्न कोणत्याही पूर्वज्ञानाशिवाय सुटतात आणि आपल्याला हा विषय खरोखर आवडतो की केवळ भाषा आवडतात, हे त्यांतून लवकर लक्षात येते.

एम.ए. कुठे करावे

पुण्याच्या येरवड्यातील डेक्कन कॉलेजचे नाव मराठी विद्यार्थ्याच्या मनात पहिल्यांदा येणे स्वाभाविक आहे. १८२१ साली संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९३९ पासून पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून काम करते. भाषावैज्ञानिक अशोक केळकरांनी तिथे दीर्घकाळ अध्यापन केले, संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या महाकोशाचे काम १९४८ पासून तिथे चालू आहे आणि १९२८ साली लाहोरला स्थापन झालेल्या लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाचे कार्यालयही तिथेच आहे. कोश, बोली आणि ऐतिहासिक भाषाविज्ञान यांत रस असणाऱ्याने तिथल्या ग्रंथालयासाठी जरी प्रवेश घेतला तरी तो वाया जाणार नाही. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातही भाषाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे.

राज्याबाहेर दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ (जेएनयू), हैदराबाद विद्यापीठ आणि हैदराबादचेच इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ या ठिकाणी एम.ए.ची सोय आहे. हैदराबाद विद्यापीठात उपयोजित भाषाविज्ञान आणि अनुवाद यांचे एकत्रित केंद्र आहे. दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयू यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेतून होतात, तर इतर संस्थांची पद्धत त्यांच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो.

निवड करताना विद्यापीठाच्या नावापेक्षा तिथे सध्या कोण शिकवते, हे पाहावे. भाषाविज्ञानाचे विभाग लहान असतात. एखाद्या विभागात वाक्यविचाराचे दोन प्राध्यापक असतील आणि स्वनविज्ञानाचे कोणीच नसेल, तर तिथे दोन वर्षांत आपण कशात तयार होणार, हे उघड आहे. संकेतस्थळावरील अध्यापकांची अलीकडची प्रकाशने पाहावीत, आणि ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले प्रबंध चाळावेत. प्रबंधांच्या विषयांवरून त्या विभागाची खरी ओळख पटते.

एम.ए.ची दोन वर्षे

पहिल्या वर्षात सर्व मुख्य शाखांची ओळख होते आणि वाचनाचे ओझे मोठे असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इथे इंग्रजीची भीती वाटते, आणि ती अगदीच अनाठायी नसते. तरीही अडचण सहसा इंग्रजीची कमी आणि शोधनिबंध वाचण्याच्या पद्धतीची जास्त असते. शोधनिबंध कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून वाचू नये. आधी त्यातली क्रमांक दिलेली उदाहरणवाक्ये वाचावीत, लेखकाने त्यांवरून काय सिद्ध करायचे ठरवले आहे याचा अंदाज बांधावा, आणि मगच युक्तिवादाकडे वळावे. प्रत्येक दाव्यासमोर मराठीत तसे वाक्य रचून पाहिले, की निबंध आपल्याशी बोलू लागतो; तो दावा मराठीला लागू पडला नाही, तर सत्रान्तीच्या लेखाचा विषयही हाती आला.

उदाहरणे मांडण्याची शिस्त सुरुवातीपासून बाळगावी. मूळ वाक्य, त्याखाली प्रत्येक घटकाचा अर्थ व व्याकरणिक कार्य, आणि शेवटी भाषांतर, अशी तीन ओळींची मांडणी जगभर मान्य झालेली आहे. मराठी आपल्याला येते म्हणून मधली ओळ गाळण्याचा मोह होतो, पण नेमक्या त्याच ओळीत ‘ला’ हा प्रत्यय चतुर्थीचा म्हणायचा की द्वितीयेचा, असे प्रश्न आपल्याला अडवतात आणि विचार करायला लावतात.

दुसऱ्या वर्षी एका शाखेकडे झुकावे लागते. ही निवड करताना अध्यापकाच्या वक्तृत्वापेक्षा आपल्याला कोणते गृहपाठ रात्री उशिरापर्यंत करावेसे वाटले, याला अधिक वजन द्यावे. स्वनविज्ञान किंवा मनोभाषाविज्ञान निवडल्यास प्रयोगरचना आणि संख्याशास्त्र अटळ आहे. समाजभाषाविज्ञान सोपे आहे असे समजून ते निवडणाऱ्यांची पुढे निराशा होते. मुलाखती घेणे सोपे असले, तरी त्यांतून नेमका भाषिक चल (बोलणाऱ्यागणिक बदलणारे भाषिक वैशिष्ट्य) निवडून मोजणे सोपे नसते.

क्षेत्रकार्य आणि लघुप्रबंध

क्षेत्रकार्याच्या बाबतीत महाराष्ट्र नशीबवान आहे. इंडो-आर्यन कुळातील मराठी व तिच्या बोली, द्राविडी कुळातील गोंडी, माडिया आणि कोलामी, ऑस्ट्रोआशियाई कुळातील मेळघाटची कोरकू, आणि कोणत्याही कुळाशी नाते सिद्ध न झालेली बुलढाण्याच्या बाजूची निहाली, इतके वैविध्य एका राज्यात आहे. भाषासंपर्काच्या अभ्यासात जगभर उद्धृत होणारे एक उदाहरण तर सांगली जिल्ह्यातले आहे. गम्पर्झ आणि विल्सन या संशोधकांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले असले, तरी शतकानुशतकांच्या सहवासाने त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे, की एकीतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. सीमाभागातील विद्यार्थ्याने आपल्या गावाकडे या नजरेने पाहून घ्यावे.

बोलीवर काम करायचे असेल, तर आधी झालेले काम पाहणे बंधनकारक समजावे. ब्रिटिश काळात झालेल्या ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला आणि तो मराठीला वाहिलेला आहे. त्यातील नमुने जुने असले, तरी तुलनेसाठी अमोल आहेत. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रणांसह सर्वेक्षण केले असून त्याचे साहित्य संकेतस्थळावर ऐकता येते. आपल्या तालुक्याचे नमुने त्यात आहेत का, हे पाहिल्याशिवाय विषय ठरवू नये.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाच्या वेळी भाषकाची संमती आधी, आणि त्याला समजेल अशा शब्दांत घ्यावी. शेतीच्या हंगामात कोणाचे दोन तास घेतले, तर त्या वेळेचा मोबदला देणे हे सौजन्य नसून कर्तव्य आहे. ध्वनिमुद्रण संकोचन न करता डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावे, भ्रमणध्वनीवरील संदेशवाहक ॲपमधून पाठवलेली फाईल ध्वनिविश्लेषणाला निरुपयोगी ठरते. पंखा बंद करावा, कोंबड्या बंद करता येत नाहीत. ‘तुमच्याकडे असे म्हणतात का?’ असा थेट प्रश्न विचारला, तर पाहुण्याला बरे वाटावे म्हणून लोक ‘हो’ म्हणतात. म्हणून चित्र दाखवून वर्णन करायला सांगणे, गोष्ट सांगायला लावणे आणि मग त्यातल्या वाक्यांत थोडा बदल करून विचारणे, या क्रमाने जावे. मुद्रण लिहून काढण्यासाठी ईलान हे विनामूल्य साधन वापरावे आणि या कामाला मुद्रणाच्या कित्येक पट वेळ लागतो हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.

लघुप्रबंधाचा विषय जितका लहान, तितका चांगला. ‘मालवणी बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास’ हा विषय एका आयुष्याचा आहे. ‘मालवणीत भूतकाळी क्रियापदाचा कर्त्याशी व कर्माशी होणारा सुसंवाद’ हा एका सत्राचा आहे. परीक्षकाला व्याप्ती दाखवण्याच्या हव्यासापायी अनेक चांगले विद्यार्थी पहिल्या प्रकारचा विषय घेतात आणि शेवटी शब्दसंग्रहाची यादी सादर करतात.

नेट, पीएच.डी. आणि परदेश

एम.ए.च्या शेवटच्या वर्षापासून यूजीसी-नेट या, अध्यापनाची पात्रता आणि संशोधन शिष्यवृत्ती यांसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेची तयारी सुरू करता येते. भाषाविज्ञान हा तिच्यात स्वतंत्र विषय असून परीक्षा तीन तासांची असते. पहिल्या सामान्य प्रश्नपत्रिकेत ५० आणि विषयाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत १०० प्रश्न असतात. खुल्या वर्गासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुणांची अट आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि २०२४ पासून पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही नेटचे गुण धरले जातात. या परीक्षेत स्मरणाला महत्त्व आहे, संशोधनाला नाही. तिची तयारी जरूर करावी, पण तिच्या मार्गदर्शक पुस्तकांतून भाषाविज्ञान शिकू नये.

एम.ए. आणि पीएच.डी. यांच्या मधली एम.फिल. ही पदवी आता राहिलेली नाही. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात व सुरुवातीला अभ्यासक्रमाचे श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण करावे लागतात. मुंबई, दिल्ली, कानपूर येथील आयआयटींच्या मानव्यविद्या विभागांतही भाषाविज्ञानात पीएच.डी. करता येते.

परदेशी जाणाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटन यांतला फरक ध्यानात घ्यावा. अमेरिकेतील चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी. साधारण पाच वर्षांची असते, शुल्कमाफीसह अध्यापन साहाय्यकाचे वेतन मिळते आणि पहिली दोन वर्षे वर्गांतच जातात. ब्रिटनमध्ये संशोधन पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि त्यामुळे विषयाचा आराखडा अर्जासोबतच पक्का लागतो. दोन्हीकडे निवडीत लेखनाचा नमुना फार महत्त्वाचा ठरतो. आपल्या भाषेतल्या एका लहान प्रश्नाचा तळ गाठणारे वीस पानी लेखन, प्रसिद्ध सिद्धान्तांचा आढावा घेणाऱ्या साठ पानांपेक्षा नेहमी उजवे ठरते.

नोकरीविषयी

विभाग कमी असल्यामुळे अध्यापनाच्या जागाही कमी आहेत, हे आधीच जाणून असावे. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था आणि पुण्यातील तिचे पश्चिम विभागीय भाषा केंद्र, सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था, आयआयटी मुंबईतील भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र अशा ठिकाणी प्रकल्पांवर कामे निघतात. ती बहुधा कंत्राटी असतात, पण विद्यार्थिदशेत त्यांचा अनुभव मोलाचा असतो. खासगी कंपन्यांना मराठी वाक्यांचे व्याकरणिक टिपण करणारे, उच्चारकोश तयार करणारे आणि यंत्राच्या उत्तरांतील दोष नेमके सांगू शकणारे लोक लागतात. तिथे पायथनसारखी एखादी संगणकभाषा येत असल्यास वेतन व जबाबदारी दोन्ही बदलतात.

एक गैरसमज मात्र पदवीआधीच दूर व्हायला हवा. वाचा-भाषा चिकित्सक व्हायचे असेल, तर भाषाविज्ञानाचे एम.ए. चालत नाही. त्यासाठी बारावीला विज्ञान शाखा घेऊन वाक्-श्रवणशास्त्राची वेगळी पदवी करावी लागते, आणि तिची सोय मुंबईतील अली यावर जंग संस्थेत किंवा म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत आहे. ज्यांना रुग्णांसोबत काम करायचे आहे, त्यांनी अकरावीचा प्रवेश घेतानाच हे ठरवलेले बरे.